पंधरा दिवसांचा लळा

सांगलीतल्या एका कुटुंबाने यंदाची मे महिन्याची सुट्टी नेपाळात, पोखऱ्याच्या एका बालगृहात काढली. नवरा-बायको दोघं नोकरदार, मुलगी नववीत, मुलगा सहावीत. पंधरा दिवस त्यांनी तिथल्या पोरांना इंग्रजी शिकवलं, भिंती रंगवल्या, गाणी म्हटली, रात्री लहानग्यांना थोपटून झोपवलं. परतल्यावर सत्कार झाला, फोटो सगळीकडे फिरले आणि मग ठरल्यासारखे दोन तट पडले. एक तट म्हणतो, 'आपल्याकडे काय अनाथ पोरं कमी आहेत? जतला जा, आटपाडीला जा. नेपाळ कशाला?' दुसरा म्हणतो, 'मायेला पासपोर्ट लागत नाही. स्वतः काडी न हलवणारेच दुसऱ्याला नावं ठेवतात.' (नेपाळला जायला आपल्याला खरंच पासपोर्ट लागत नाही, पण ते असो.)

हा वाद भलत्याच जागी चालला आहे. दोन्ही बाजू बोलतात ते फक्त जाणाऱ्यांबद्दल. त्यांनी कुठे जावं, त्यांचं मन किती मोठं, त्यांच्या मुलांवर काय संस्कार झाले, याचीच चर्चा. ज्या पोरांना थोपटून झोपवलं, त्यांना सोळाव्या रात्री कुणी थोपटलं, हा प्रश्न मी अजून एकाच्याही तोंडून ऐकलेला नाही. माझं म्हणणं सरळ आहे: चार दिवसांच्या पाहुण्यांनी बालगृहातल्या मुलांना लळा लावायला जाऊ नये. पोखऱ्यात जाऊ नये आणि मिरजेतही जाऊ नये. त्यामुळे 'इथलीच पोरं का नकोत' असं विचारणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. त्यातले निम्मे लोक इथल्या बालगृहात वर्षातून एकदा, पोराच्या वाढदिवसाला केक घेऊन जातात, एवढंच मला ठाऊक आहे.

या कुटुंबाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. स्वतःच्या खिशातले पैसे घालून, पोरांना मोबाइलमधून बाहेर काढून, परक्यांच्या ताटात जेवणं सोपं नसतं. आणि परक्या देशातून आलेल्या माणसांचं ऋण सांगली-मिरजेएवढं थोड्याच गावांवर असेल. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये इकडे आले, 1894 मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, आणि 1928 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी इथेच काम केलं. वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. तेव्हा 'परक्यांनी यायचं कारणच काय' असं आपण तरी म्हणू शकत नाही. पण वानलेस काय घेऊन आले हे बघा. त्यांच्या हातात शस्त्रक्रियेचं कसब होतं, ते इथल्या तरुणांच्या हातात देण्याची तयारी होती आणि जवळजवळ 40 वर्षं होती. यातलं काय घेऊन आपण पंधरा दिवसांसाठी जातो? दातांचा डॉक्टर आठवडाभर जाऊन शंभर पोरांचे दात तपासून आला, तर मी त्याला हात जोडेन. दात तपासून घेणाऱ्या पोराला डॉक्टर निघून गेल्याचं दुःख होत नाही. पण 'आम्ही फक्त प्रेम द्यायला गेलो होतो' म्हणणाऱ्याने थांबून विचार करायला हवा, कारण नेमकी तीच गोष्ट अशी आहे की जी देऊन निघून जाता येत नाही.

या घरांत असतं कोण, हेही आधी बघू. नेपाळात 1996 ते 2006 या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरत. 'पोराला शहरात शिकवतो' म्हणून आईबापांकडूनच पैसे घेत आणि पोराला काठमांडूच्या एखाद्या बालगृहात टाकून त्याची कागदपत्रं अनाथ म्हणून रंगवत. यादवी संपली, पण धंदा संपला नाही. नेपाळात 77 जिल्हे आहेत, पण बालगृहांची दाटी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि पोखरा ज्यात येतं तो कास्की, अशा पाचच जिल्ह्यांत. अनाथ मुलं काय फक्त जिथे पर्यटक उतरतात तिथेच जन्माला येतात? कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या सुमारे 75 टक्क्यांनी वाढली. तिथे ना नवं युद्ध झालं, ना मोठी साथ आली. वाढले ते पर्यटक. तिथल्या आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी तिघांची आई किंवा वडील जिवंत होते. ऑस्ट्रेलियातून कंबोडियाला जाणारे स्वयंसेवक पुष्कळ. त्याच ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना, देणग्यांसाठी मुलांना अनाथाश्रमात आणून ठेवणं हाही गुलामगिरीचाच प्रकार मानला. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या पर्यटकी स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख केला.

आपलं काय वेगळं आहे म्हणता? 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा देशभरातल्या बालसंगोपन संस्थांत सव्वादोन लाखांवर मुलं होती. वर्ष संपेपर्यंत त्यातली 1 लाख 45 हजारांहून अधिक मुलं आईवडिलांकडे किंवा नातेवाइकांकडे परत गेली होती. हे आकडे सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले आहेत. म्हणजे दर तिघांतल्या जवळजवळ दोघांना जायला घर होतं. त्यांची घाईघाईने पाठवणी झाली ते बरोबर की चूक, यावर भांडता येईल, आणि त्या घरांची परिस्थिती बेताचीच होती हेही खरं. म्हणूनच डिसेंबर 2020 मध्ये न्यायालयाने घरी परतलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी महिना 2,000 रुपये द्यायला सांगितले. म्हणजे त्या मुलांना आई नव्हती असं नाही. आईकडे दोन हजार नव्हते.

ज्याला अनाथ हवे असतात त्याला ते मिळतातच, हे आपल्याला नवीन वाटायला नको. 1897 आणि 1900 च्या दुष्काळांत उत्तरेत आणि मध्य प्रांतात दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांवरून मिशनरी आणि आर्य समाज यांच्यात उघड चढाओढ लागली होती. एकाला धर्मात आणायची होती, दुसऱ्याला धर्मात राखायची होती. दोघांनीही असंख्य जीव वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती मुलं रस्त्यावर मेली असती. पण दुष्काळ सरल्यावर एखाद्या पोराचा काका शोधत आला, तर त्याच्या हाती पोर देण्यात संस्थेला काय गोडी असणार होती? आश्रमाची पटसंख्या हाच जिथे कामाचा पुरावा असतो, तिथे पोर घरी जाणं हे अपयश ठरतं. आज धर्माच्या जागी देणगी आली आहे, बाकी गणित तेच. फरक असलाच तर एवढा, की तेव्हा दुष्काळ खरा होता.

आता लळ्याबद्दल. सत्काराच्या भाषणात त्या आईने भरल्या गळ्याने सांगितलं, की पहिल्याच दिवशी एक तीन वर्षांची पोर येऊन तिच्या मांडीत बसली आणि उठेचना. सभागृहात टाळ्या पडल्या. तुमची-माझी तीन वर्षांची पोर अनोळखी बाई दिसली की काय करते? आईच्या साडीमागे लपते. लपायलाच हवं. जी पोर कुणाच्याही मांडीवर जाऊन बसते, तिला लपायला साडी नाही, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तेव्हापासून संस्थेत वाढणाऱ्या मुलांबद्दल हे सांगितलं जात आहे. रुमानियात चाउशेस्कूची राजवट 1989 मध्ये कोसळली आणि एक लाखावर मुलं सरकारी आश्रमांत कोंडलेली सापडली. त्यानंतर बुखारेस्टमध्ये 136 लहान मुलांवर अनेक वर्षं चाललेला एक अभ्यास झाला. निम्मी मुलं सांभाळायला तयार असलेल्या कुटुंबांत ठेवली, निम्म्यांचं संस्थेतलं आयुष्य चालू राहिलं. कुटुंबात गेलेली सुधारली, आणि त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेली सर्वांत जास्त. बुद्धी, बोलणं, माणसाशी जुळवून घेणं, सगळ्यातच फरक दिसला. त्या मुलांना औषध म्हणून काय दिलं होतं? रोज तेच माणूस.

यासाठी मला बुखारेस्टपर्यंत जायची गरज नाही. मी शिकवतो त्या शाळेत जवळच्या बालगृहातली मुलं येतात. दरवर्षी बी.एड.चे छात्रशिक्षक काही आठवडे सराव पाठांना येतात आणि जातात. घरून येणारी पोरं त्यांच्याशी मजा करतात, निरोपाच्या दिवशी ग्रीटिंग देतात आणि सोमवारी विसरतात. बालगृहातली लहान पोरं पहिल्या दिवसापासून त्या ताईंची ओढणी सोडत नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यापाशी, शाळा सुटल्यावर गाडीपाशी. ताई गेल्यावर दोन-तीन दिवस वर्गात मारामाऱ्या वाढतात, कुणाची तरी वही फाटते. पुढच्या वर्षी नवी ताई, पुन्हा तेच. पण ही पोरं मोठी होतात तेव्हा वेगळंच बघायला मिळतं. सातवीतल्या एका मुलीने नव्या छात्रशिक्षिकेला नाव विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, 'तुम्ही कधीपर्यंत आहात?' उत्तर ऐकून ती जागेवर जाऊन बसली आणि पुढचे सगळे दिवस त्या बाईंशी अतिशय सभ्यपणे वागली. छात्रशिक्षक निदान शिकवायला येतात, त्यांना पोरांची आई व्हायची हौस नसते. ज्यांना ती असते त्यांनी या मुलीशी एकदा बोलावं.

यावर मला उत्तर मिळतं, की मग पोरांनी कुणावर जीव लावूच नये का? आपल्या घरीही मामा येतो, चार दिवस राहतो, जातो. पोरगं रडतं, विसरतं. बरोबर. पण मामा गेल्यावर रडायला आईचा खांदा असतो. बालगृहात काळजीवाहकसुद्धा कंत्राटावर असतात, तुटपुंज्या पगारावर किती दिवस टिकतील याचा नेम नसतो. तिथे येणारा प्रत्येक माणूस मामाच असतो, आणि आई म्हणून कुणी नसतंच.

दुसरं उत्तर जास्त जड आहे आणि ते मी हलक्यात काढणार नाही. संस्था चालवणारे म्हणतात, 'पाहुणे आले नाहीत तर तांदूळ कुठून आणू? सरकारी अनुदान उशिरा येतं, अपुरं येतं. माणूस पोरांना बघून जातो तेव्हाच त्याचा हात खिशात जातो.' हे अगदी खरं आहे. एकदम हात आखडता घेतला तर उपास त्या पोरांनाच घडेल. पण या उत्तरात काय कबूल केलं जातंय तेही ऐका. देणगी येते ती पोरं दिसतात म्हणून. म्हणजे पोरांनी दिसायला हवं: सकाळी झोपेतून उठून, दुपारी अभ्यास सोडून, रांगेत उभं राहून, टाळ्या वाजवून. पंधरा ऑगस्टला, दिवाळीत, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकाच दिवसात तीन-तीन केक कापले जातात आणि 'काकांना थँक्यू म्हणा' हे तीनदा म्हणावं लागतं. माझ्या वर्गातल्या एकाच्या दप्तरात चार नव्या कंपासपेट्या होत्या आणि गणिताची वही नव्हती, कारण वही वाटपाचा फोटो चांगला येत नसावा. फोटोवरून आठवलं: आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो किंवा माहिती प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सांगलीच्या बालगृहातल्या पोराचा चेहरा जाहीर करायला कायदा आडवा येतो. मग पोखऱ्याच्या पोराचा चेहरा सत्काराच्या पडद्यावर लावताना मनाला तरी काही आडवं यायला नको?

आणि तो संस्काराचा मुद्दा. 'आमच्या मुलांना कळलं, आपण किती नशीबवान आहोत.' कळलं असेल. पण आपल्या मुलाला कृतज्ञता शिकवण्यासाठी दुसऱ्याचं मूल शिक्षणसाहित्य म्हणून वापरायचं का? समजा उद्या बेल्जियमचं एक कुटुंब सांगलीच्या विश्रामबागेत आलं आणि म्हणालं, 'आम्ही तुमच्या मुलीच्या वसतिगृहात पंधरा दिवस राहतो. रात्री पोरींना झोपवू, अंघोळी घालू, आमच्या पोरांना भारत कळेल.' तुम्ही पोलिसांना फोन कराल. निदान रेक्टरला तरी धारेवर धराल. जे आपल्या पोरीच्या वाट्याला येऊ देणार नाही, ते दुसऱ्याची पोर गरीब आहे म्हणून चालवून घ्यायचं असेल, तर मुलांनी नेमका कुठला संस्कार घेतला?

परक्याच्या पोराला जीव लावूच नये, असं या मातीने कधी म्हटलेलं नाही. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जोतीरावांचं मूळ गाव खटावातलं कटगुण. 1863 मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतला, वाढवला, डॉक्टर केला. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई गेल्या तेव्हा रुग्णांच्या सेवेत तो यशवंत त्यांच्याबरोबर होता. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं. त्या पोरांना आईबाप होते, गाव होतं. गावात पुढची शाळा नव्हती म्हणून ती साताऱ्याला आली होती. त्यांना कुणी अनाथ करून दाखवलं नाही, उलट कामाला लावलं, 'स्वावलंबी शिक्षण' म्हणून. 1927 मध्ये गांधीजी आले, त्यांच्या हस्ते बोर्डिंगचं नामकरण झालं, आणि ते पुढच्या गावाला गेले. पोरांना थोपटायला ते थांबले नाहीत. ते काम लक्ष्मीबाईंचं होतं. लक्ष्मीबाई व्हायचं असेल तर जरूर व्हावं. आपल्या कायद्यात दत्तकाची तरतूद आहे, तात्पुरतं मूल सांभाळण्याची आहे. त्यासाठी तपासणी होते, घरभेटी होतात, वाट बघावी लागते. पंधरा दिवसांत उरकत नाही.

मदत घेणाऱ्याच्या जागी आपणही बसून आलो आहोत, याचा सांगलीकरांना इतक्यात विसर पडावा? ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. शाळांमधून छावण्या उघडल्या होत्या. महाराष्ट्रभरातून ट्रक येत होते आणि त्या माणुसकीबद्दल आपण कायमचे मिंधे आहोत. पण वर्गखोल्यांत छतापर्यंत जुन्या कपड्यांचा ढीग लागला होता, त्यात लग्नातले कोट होते, लोकरीचे स्वेटर होते, एकेकटे बूट होते. छावणीतल्या बायका सॅनिटरी पॅड मागत होत्या, गवळी वैरण मागत होते. काही पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवलेले. आलेले काही लोक रडणाऱ्या म्हाताऱ्यांना मिठी मारून सेल्फी काढत होते, आणि म्हातारी माणसं सौजन्याने तेही करू देत होती. मग बाहेरगावच्या महापालिकांचे सफाई कामगार आले. त्यांनी गाळ उपसला, मेलेली जनावरं उचलली आणि ते गेले. कुणाशी फारसं बोललेही नाहीत. त्या दिवसांत आपल्याला कुणाची गरज जास्त होती, हे गावभागातल्या कुणालाही विचारा.

तर त्या कुटुंबाने काय करावं? नेपाळला अवश्य जावं. पोखऱ्यात राहावं, तिथल्या माणसाच्या हॉटेलात जेवावं, वाटाड्याला भाव न पाडता पैसे द्यावेत. बालगृहाऐवजी, मुलांना डोंगरातल्या घरी परत पोचवण्याचं काम करणाऱ्या संस्था तिथे आहेत, त्यांना देणगी द्यावी. चौघांचं जाणं-येणं, राहणं आणि त्या 'प्रोग्रॅम'ची फी धरून दोन लाख तरी गेले असतील. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील गमावलेल्या मुलाला घरीच राहून महिना 2,250 रुपये मिळतात, वर्षाचे 27,000. त्या दोन लाखांत सात पोरं वर्षभर आजीजवळ, मामाजवळ राहिली असती. करोनात आईबाप गेलेली बहुतेक पोरं अशीच राहिली आहेत, कुठल्या आश्रमात नाही.

आणि पैसे नव्हे, वेळच द्यायचा असेल, तर ती योजना मिळवताना जतच्या एखाद्या विधवेची किंवा नातवाला सांभाळणाऱ्या आजीची काय दमछाक होते, तिथे द्यावा. अर्ज, मृत्यूचा दाखला, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, बँकेचं पासबुक, मुलाबरोबर घरासमोर काढलेला फोटो. एक कागद कमी पडला की जिल्ह्याच्या ठिकाणची पुन्हा एक खेप, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. ज्या घरात लॅपटॉप आहे, गाडी आहे आणि साहेबाशी न घाबरता बोलणारी दोन माणसं आहेत, त्यांना हे काम पंधरा दिवसांत पंधरा घरांसाठी करता येईल. यात पोराला मांडीवर घ्यायची गरज पडत नाही, त्याच्या आईशी बोललं की झालं. फक्त अर्जाला शाळेचं बोनाफाईड लागतं आणि मे महिन्यात शाळेचं कार्यालय मिळेलच असं नाही. ते एप्रिलमध्येच काढून ठेवायला सांगा.